मस्टरवर 9, शेडमध्ये 26

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच लक्षात येईल. भोसरी एमआयडीसीत तुमची प्रेस शॉप आहे, 7 पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी-वळवणारी यंत्रं), गाड्यांचे ब्रॅकेट आणि वॉशर निघतात. तुमच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, 9 माणसं, कंत्राटदाराची 17. मागच्या महिन्यात कंत्राटदाराच्या एका 22 वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट प्रेसखाली आलं, दोन्हीचं टोकाचं एकेक पेर गेलं. कंत्राटदारानं त्याला 30,000 रुपये दिले आणि 500 च्या स्टॅम्पपेपरवर ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून घेतलं. तुमचे सल्लागार म्हणतात की मस्टरवर 20 माणसं नाहीत, त्यामुळे कारखान्याचा कायदा तुम्हाला लागू नाही, आणि अपघाताचं काय ते कंत्राटदार बघेल. हे खरं आहे का आणि आता काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

खरं नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. पण कारखान्याच्या लायसन्सचं नंतर बोलू. आधी त्या मुलाचं बघू, कारण त्याचे दिवस जातायत.

भोसरी ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, क्षेत्रात आहे. 10 किंवा अधिक माणसं काम करत असतील तर ईएसआय लागू होतं आणि महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक कामगार विमाधारक ठरतो, मग तो तुमचा असो की कंत्राटदाराचा. हप्ता मालकाचा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्के. 15,000 पगारावर दोन्ही मिळून महिन्याला 600 रुपये. कंत्राटदाराच्या माणसांचा हप्ता भरला जातोय की नाही, याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे तुमची आहे. तुम्ही भरा आणि त्याच्या बिलातून कापून घ्या, कायद्यानं तो हक्क तुम्हाला दिलेला आहे. आज पहिलं काम हे करा: गेल्या वर्षभराची त्याची चलनं मागवा आणि चलनाबरोबरची नावांची यादीही मागवा. नुसता रकमेचा आकडा बघून फाइलला लावू नका. 17 माणसांचं बिल आणि 11 नावांचं चलन, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता यादी बघितल्याशिवाय मी कुणाच्याही चलनावर विश्वास ठेवत नाही.

त्या यादीत मुलाचं नाव असेल तर अपघाताची माहिती ईएसआयच्या पोर्टलवर लगेच भरा. नाव नसेल तर परिस्थिती अवघड आहे, पण लपवून ती आणखी अवघड करू नका. कायद्याच्या नजरेत तो कामावर आला त्या दिवसापासून विमाधारकच आहे. नोंदणी केली नाही हा तुमचा दोष, त्याचा नाही. ईएसआय महामंडळ त्याला लाभ देऊन त्याची आयुष्यभराची किंमत मालकाकडून वसूल करू शकतं. म्हणून यापुढे नवीन माणूस मशीनला हात लावायच्या आधी, पहिल्याच सकाळी, नोंदणी करा. नियमात काही दिवसांची सवड असते. पण अपघातानंतर झालेल्या नोंदणीकडे संशयानंच पाहिलं जातं आणि त्यात कामगाराची पेन्शन अडकते.

आता 30,000 चा हिशेब करू. कोणतं बोट किती गेलं तर कमावण्याची ताकद किती टक्के कमी झाली, हे कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. तर्जनीचं एक पेर 9 टक्के, मधल्या बोटाचं एक पेर 7 टक्के. दोन्ही मिळून 16. (अंगठा पूर्ण गेला तर 30, एका हाताची चारही बोटं गेली तर 50.) अंतिम आकडा मेडिकल बोर्ड ठरवतं, पण अंदाज यावरून येतो. महिना 15,000 म्हणजे दिवसाचे साधारण 500 रुपये, त्याचे 90 टक्के 450 आणि 450 चे 16 टक्के 72. म्हणजे रोज 72 रुपये, महिन्याला सुमारे 2,160, तो जिवंत असेपर्यंत. शिवाय उपचार मोफत आणि घरी बसावं लागलं त्या दिवसांचा 90 टक्के पगार वेगळा. कंत्राटदाराचे 30,000 रुपये या हिशेबानं 14 महिन्यांत संपतात, आणि मुलगा 22 वर्षांचा आहे.

ज्या माणसाला ईएसआय लागू नाही तिथं भरपाई मालकाच्या खिशातून जाते. त्याच मुलाचा हिशेब तिथं असा होतो: पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचा, त्याचे 60 टक्के 9,000, वय 22 साठीचा गुणक 221.37, त्याचे 16 टक्के. रक्कम येते 3,18,773 रुपये. महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण रखडवली तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

स्टॅम्पपेपरचं सांगतो. अपघाताच्या भरपाईचा हक्क कामगार सही करून सोडून देऊ शकत नाही, तसा करार कायद्यानंच रद्दबातल आहे. तो कागद तुमचं रक्षण करणार नाही. उलट अपघात झाला होता, तुम्हाला माहीत होता आणि तुम्ही कळवला नाही, याचा तारखेसकट पुरावा त्यानं तयार झालाय.

कळवणं हे वेगळं कर्तव्य आहे. जखमी माणूस 48 तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, ज्याला आपण सगळे डिश म्हणतो, नोटीस द्यावी लागते. तुमचा महिना उलटून गेलाय. तरी द्या, आणि उशीर का झाला ते खरं लिहा. उशिराबद्दल कारवाई होऊ शकते. पण मुलानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी तक्रार केल्यावर अधिकारी येणं आणि तुमची नोटीस आधीच पोचलेली असणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता तुमच्या सल्लागारांच्या मुद्द्याकडे येतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि 1948 चा कारखाने अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीच्या संहितेत सामावला गेला. जुने नियम, संहितेशी विसंगत नसतील तिथवर, चालूच आहेत. म्हणून ‘कायदा बदललाय, अजून काही ठरलं नाही, थांबा’ असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका, कारण या मधल्या काळात कोणतंही कर्तव्य स्थगित झालेलं नाही. संहितेनुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20 किंवा अधिक कामगार असले की तो कारखाना. कामगार म्हणजे मस्टरवरचा माणूस नव्हे, त्या जागेत काम करणारा माणूस. सगळ्या शिफ्टची माणसं एकत्र मोजायची. आणि गेल्या 12 महिन्यांत फक्त एक दिवस जरी संख्या 20 झाली असेल तरी तो कारखानाच. दिवाळीआधीच्या घाईत पाच माणसं जास्तीची बोलावली होती, तो दिवसही यात आला. तुमचे 26 म्हणजे यात वादाला जागाच नाही. शेडमध्ये मधोमध पत्रा मारून बायकोच्या नावानं दुसरी फर्म दाखवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो घेऊ नका. एकच वीज मीटर, एकच सुपरवायझर, एकच ग्राहक असेल तर अधिकाऱ्याला ते एकत्र करायला दहा मिनिटं पुरतात.

सल्लागारांचा गोंधळ बहुधा दुसऱ्या एका आकड्यामुळे झालाय. कंत्राटी कामगारांविषयीची कलमं, कंत्राटदाराचं लायसन्स वगैरे, 50 कंत्राटी कामगारांपासून पुढे लागतात. तुमच्याकडे 17 आहेत, म्हणून कंत्राटदाराला ते लायसन्स नको, इतकंच. त्यावरून सुरक्षेची जबाबदारीही गेली असं समजणं ही घोडचूक आहे.

जबाबदारी भोगवटादाराची, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्याची. कंपनी असेल तर संचालकांपैकी एक, भागीदारी असेल तर भागीदारांपैकी एक. मॅनेजरचं नाव भोगवटादार म्हणून लिहून मालकाला बाजूला होता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जे. के. इंडस्ट्रीजच्या प्रकरणात 1996 मध्येच स्पष्ट केलंय. ‘मी त्या दिवशी गावी होतो’, ‘मला माहीत नव्हतं’ हे तिथं चालत नाही. संहितेत गंभीर दुखापतीच्या व्याख्येत शरीराचा कोणताही भाग कायमचा जाणं येतं, म्हणजे बोटाचं पेरही येतं. मालकानं कर्तव्य न पाळल्यानं अशी दुखापत झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 2 ते 4 लाख दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड, किंवा दोन्ही. या दंडातला किमान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. याशिवाय निष्काळजीपणानं मृत्यू झाल्याचा भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खालचा पोलीस गुन्हा वेगळा, त्यात पाच वर्षांपर्यंत.

लायसन्स मिळवायचं म्हणजे नकाशा मंजुरी, इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र, नोंदणी आणि शुल्क. ही कागदाची कामं आहेत, एखादा बरा सल्लागार ती दोन-तीन महिन्यांत करून देईल. माझी काळजी कागदाची नाही. लायसन्स भिंतीवर लावलेल्या कितीतरी शेडमध्ये मी बोटं गेलेली माणसं पाहिली आहेत. म्हणून प्रेसबद्दल जरा सविस्तर लिहितो.

अपघात झाल्यावर मी शेडमध्ये गेलो की आधी गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं संरक्षक झाकण, शोधतो. चाकणच्या एका शेडमध्ये तो कंप्रेसरच्या मागे खिळ्याला टांगलेला सापडला, वर बोटभर धूळ. मालक म्हणाले, ‘साहेब, गार्ड आहे की, ही मुलंच काढून ठेवतात.’ मी प्रेसवरच्या ऑपरेटरला तो लावून जॉब करून दाखवायला सांगितलं. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, आत जाईना. गार्ड बनवला होता दुसऱ्या डायसाठी, म्हणजे वेगळ्या साच्यासाठी. ती डाय आठ महिन्यांपूर्वी उतरली होती, नवीन जॉब 30 मिलिमीटर रुंद होता आणि गार्डची फट मात्र जुन्या जॉबच्या मापाचीच. त्या मुलाला तासाला ठरलेले नग काढायचे होते. गार्ड त्यानं काढला हे खरं, पण त्याला दुसरा मार्ग आपण ठेवलाच नव्हता. तेव्हापासून मी एकच नियम सांगतो: जेवढ्या डाय तेवढे गार्ड. डायच्या रॅकमध्येच गार्ड ठेवायचा, त्यावर डायचाच नंबर पंच करायचा, आणि सेटरनं (डाय बसवणाऱ्यानं) दोन्ही बरोबर चढवायचे. गार्डची रचना ऑपरेटरला शेजारी उभं करून करा. त्याचा हात कुठून जातो, जॉब तो कसा वळवतो, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट क्लचची, म्हणजे मोटरची गती प्रेसला जोडणाऱ्या भागाची. तुमच्या 7 प्रेसपैकी पिन किंवा की क्लचच्या किती आणि हवेच्या क्लचच्या किती, ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. पिन क्लचच्या प्रेसला एकदा पायडल दाबलं की रॅम (डायवर येऊन दाबणारा वरचा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मधे थांबवता येत नाही. अशा प्रेसला लाखभर रुपये खर्चून लाइट कर्टन (हात आडवा आला की ओळखणारा प्रकाशाचा पडदा) बसवून देणारे लोक भेटतात. कर्टनला हात दिसेल, दिवा लाल होईल आणि रॅम खाली येईलच. दोन हातांच्या बटणाचंही तसंच, बटण दाबून हात परत डायमध्ये न्यायला लागतो त्याहून जास्त वेळ रॅमला खाली यायला लागत असेल तर ते बटण काही कामाचं नाही. पिन क्लचला उपाय एकच, बोट आत जाणारच नाही असा फिक्स गार्ड, आणि जॉब आत ठेवायला चिमटा, मॅग्नेट किंवा स्लाइड, बाहेर काढायला हवेचा झोत. लाइट कर्टन आणि दोन बटणं हवेच्या क्लचच्या प्रेसला शोभतात, तिथंही प्रेसला थांबायला लागणारा वेळ मोजून त्यावरून अंतर काढावं लागतं. बसवणाऱ्यानं तो वेळ मोजल्याचा कागद दिला नाही तर पैसे देऊ नका.

जुन्या पिन क्लचमध्ये स्प्रिंग मऊ पडते, लॅच झिजतं आणि पायडल एकदा दाबल्यावर रॅम दोनदा येतो. मुलं याला डबल मारणं म्हणतात. ऑपरेटर ‘प्रेस डबल मारतेय’ असं म्हणाला की त्या क्षणी मेन स्विच बंद करून कुलूप लावा, ऑर्डर कितीही तातडीची असो. तुमच्या अपघाताच्या प्रेसचंही हेच झालं होतं का, हे त्या मुलाला आणि शेजारच्या ऑपरेटरला एकेकटं विचारा, सुपरवायझर समोर नसताना. पायडलवर लोखंडी झाकण आहे का तेही पाहा, वरून नट पडूनही स्ट्रोक सुटतो. आणि दोन बटणांच्या प्रेसवर एका बटणावर इन्शुलेशन टेप, काडी किंवा रबर लावलेलं दिसलं तर मुलाला ओरडण्याआधी त्या जॉबचा तासाचा आकडा कुणी ठरवला ते शोधा.

सेटरचे हात सगळ्यात जास्त वेळ डायमध्ये असतात आणि त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष असतं. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) फिरत राहतं, ते पूर्ण थांबेपर्यंत डायला हात नाही. मग मेन स्विचला सेटरचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात, आणि रॅम खाली येऊ नये म्हणून मधे सेफ्टी ब्लॉक. सात प्रेसचे ब्लॉक आणि कुलपं मिळून जो खर्च येईल, तो तुमच्या एका दिवसाच्या भंगाराच्या पैशांत भागेल.

तो जखमी मुलगा कागदावर ‘हेल्पर’ आहे असं तुम्ही लिहिलंय. हेल्परला प्रेसवर बसवणं हे आपल्याकडे रोजचं झालंय, सकाळी ऑपरेटर आला नाही की सुपरवायझर जवळचा हात बसवतो. यापुढे प्रत्येक प्रेसवर, त्या प्रेसवर शिकवून तयार केलेल्या माणसांचीच नावं असलेली पाटी लावा. नाव नाही तर बसायचं नाही, प्रेस रिकामी राहिली तरी चालेल. शिकवल्याची तारीख आणि सही मराठीत घ्या, हिंदी किंवा उडिया बोलणाऱ्याची त्याच्या भाषेत. इंग्रजी फॉर्मवर घेतलेली सही काहीच सिद्ध करत नाही. वय 18 पूर्ण आहे का हे आधारवरून तुम्ही स्वतः बघा, कंत्राटदाराच्या तोंडी शब्दावर नको.

बाकीचं भराभर सांगतो. संहितेनुसार प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, आणि तो हजेरीत दिसला पाहिजे, वहीच्या मागच्या पानावर नको. 180 दिवस काम झालं की दर 20 दिवसांमागे एक पगारी रजा. चेन-पुली आणि माल उचलायच्या साधनांची तपासणी वर्षातून एकदा, कंप्रेसरच्या एअर रिसिव्हरची ठरलेल्या मुदतीत, दोन्हीचं प्रमाणपत्र सक्षम व्यक्तीकडून. पॅकिंगला बायका आहेत आणि एकूण माणसं 10 च्या वर आहेत, म्हणजे लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत समिती हवी. भविष्य निर्वाह निधी 20 माणसांपासून, म्हणजे तोही लागतोच.

आगीबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. 7 जून 2021 ला मुळशीतल्या पिरंगुटजवळच्या रासायनिक कारखान्याच्या आगीत गेलेल्यांत बहुतेक महिला होत्या. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजला हातमोज्यांच्या कारखान्यात आत झोपलेले सहा कामगार गेले. तुमच्या शेडचं मागचं शटर रात्री बाहेरून कुलूपबंद असतं का, आणि रात्रपाळी संपल्यावर तिथं कुणी झोपतं का, हे दोनच प्रश्न आज रात्री स्वतः जाऊन तपासा. ‘बिहारहून आलेली पोरं आहेत, खोली मिळेपर्यंत राहू दे’ हे दयेनं बोललं जातं हे मला माहीत आहे. त्यांना खोली शोधून द्या, आगाऊ भाडं भरा, पण शेडमध्ये झोपू देऊ नका. अग्निशमन यंत्रणा सुरू असल्याचं महाराष्ट्राच्या 2006 च्या कायद्याखालचं फॉर्म बी प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं, तेही पाहा.

या आठवड्याचा क्रम सांगायचा तर असा. आज ती अपघाताची प्रेस बंद करून कुलूप लावा, काहीही दुरुस्त करू नका, आहे त्या अवस्थेत फोटो काढा, आणि कंत्राटदाराकडून चलनं आणि नावांची यादी मागवा. उद्या ईएसआयची माहिती आणि डिशची नोटीस. त्यानंतर कंत्राटदाराला बसवून, यापुढे यादी जोडल्याशिवाय बिल पास नाही, हे लेखी. मग सेटर आणि दोन जुन्या ऑपरेटरना घेऊन सातही प्रेसची फेरी मारा, मालक म्हणून स्वतः. ज्या डायला गार्ड नाही ती डाय त्या दिवसापासून चढणार नाही असं तिथल्या तिथं सांगा. ग्राहकाला दोन दिवस माल उशिरा जाईल. त्याला खरं कारण सांगा, मोठ्या गाडी कंपन्यांच्या खरेदी विभागाला आता हे कारण कळतं.

आणि त्या मुलाच्या खोलीवर जा. कंत्राटदाराला पाठवू नका. तो ईएसआयच्या उपचारावर असेपर्यंत त्याला कामावरून काढता येत नाही, आणि कंत्राटदारानं त्याच्याकडून राहती जागा खाली करून घेतली असेल तर ते आधी थांबवा. त्याला 16 टक्क्यांचा हिशेब त्याच्या भाषेत समजावून सांगा, मेडिकल बोर्डासाठी लागणारे कागद तुमच्या माणसाकडून भरून द्या, बोर्डाच्या दिवशी सोबत कुणीतरी पाठवा. डॉक्टर फिट म्हणाले की त्याला प्रेसवर बसवू नका, तपासणीच्या टेबलावर घ्या. व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) डाव्या हातानं धरायला पंधरा दिवसांत जमतं, माझ्याकडच्या तिघांना जमलंय.